क्लबहाउसमधला लेग डे आणि साडेनऊ लाखांची नोटीस: पर्सनल ट्रेनरच्या दायित्व विम्याचं एक प्रकरण

पुण्यातल्या एका फ्रीलान्स पर्सनल ट्रेनरचं हे प्रकरण; त्याच्या एका सत्रानंतर क्लायंटला रुग्णालयात दाखल करावं लागलं. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. ट्रेनरकडे दायित्व विमा, म्हणजे आपल्यामुळे दुसऱ्याला झालेल्या नुकसानीची भरपाई देणारा विमा, होता आणि हप्ताही वेळेवर भरलेला होता. तरीही घटनेनंतरच्या पहिल्या तीन आठवड्यांत ही पॉलिसी निरुपयोगी ठरायची वेळ दोनदा आली. एकदा मोबाइलवर टाइप केलेल्या एका मेसेजमुळे, आणि एकदा ३,४७० रुपयांच्या स्वस्ताईमुळे. हे दोन प्रसंग नीट समजले तर पॉलिसीतली बरीचशी क्लिष्ट कलमं आपोआप समजतात.

पार्श्वभूमी

ट्रेनर ३२ वर्षांचा. चार वर्षं एका जिममध्ये पगारावर होता, मग स्वतंत्र झाला. बाणेर-बालेवाडी भागातल्या सोसायट्यांच्या क्लबहाउसमध्ये तो क्लायंट घेतो. हातात आंतरराष्ट्रीय मान्यतेचं ट्रेनर प्रमाणपत्र आणि सीपीआरचा, म्हणजे हृदय बंद पडल्यास द्यायच्या प्रथमोपचाराचा, कोर्स. उत्पन्न वर्षाला २० लाखांच्या खूप खाली, त्यामुळे जीएसटी नोंदणी नाही.

जिमच्या नोकरीत असताना कर्मचारी म्हणून तो जिमच्या पॉलिसीच्या छत्राखाली होता. बाहेर पडताच ते छत्र गेलं. इथे एक गैरसमज सर्रास दिसतो. जिममध्येच पर्सनल ट्रेनिंग घेणारे, पण पगारावर नसलेले, फीचा ठरलेला हिस्सा जिमला देणारे ट्रेनर समजतात की जिमचा विमा आपल्यालाही लागू आहे. पॉलिसीत ‘विमाधारक’ म्हणून जिमचं नाव असतं. स्वतंत्र कंत्राटदाराचा समावेश शब्दांत लिहिलेला नसेल तर तो नाही असंच धरून चालावं. उलट जिमच्या विमा कंपनीने पैसे दिले, तर वसुलीसाठी ती ट्रेनरकडे बोट दाखवू शकते.

विमा काढायचं कारण सोसायटीची व्यवस्थापक समिती. क्लबहाउस वापरायला देण्याआधी समितीने दोन कागद मागितले: विम्याची प्रत आणि स्टॅम्प पेपरवर हमीपत्र. विम्याची प्रत ट्रेनरने विमा ब्रोकरमार्फत मिळवली. हमीपत्राचा मसुदा मात्र सोसायटीने दिला तसाच सही करून टाकला. त्यातलं एक वाक्य पुढे महागात पडलं: ‘माझ्या प्रशिक्षणामुळे सोसायटीला होणारा सर्व प्रकारचा खर्च मी भरून देईन.’

ट्रेनरला दोन वेगळ्या जोखमी असतात. जमिनीवर सोडलेल्या डंबेलला अडखळून कुणी पडलं, बँडचा हूक निसटून कुणाच्या डोळ्याला लागला, तर ती सार्वजनिक दायित्वाची बाब. व्यायामाची आखणी चुकली, जुनी दुखापत विचारली नाही, चुकीचा सल्ला दिला, तर ती व्यावसायिक दायित्वाची, म्हणजे प्रोफेशनल इंडेम्निटीची बाब. सोसायटीच्या स्वतःच्या पॅकेज पॉलिसीत पहिल्या प्रकारचं संरक्षण होतं. दुसऱ्याशी तिचा संबंध नव्हता. १९९१ चा सार्वजनिक दायित्व विमा कायदा वाचून काही जण आणखी गोंधळतात. तो कायदा भोपाळ दुर्घटनेनंतर घातक पदार्थ हाताळणाऱ्या उद्योगांसाठी आला. जिमशी त्याचा संबंध नाही.

ट्रेनरने प्रोफेशनल इंडेम्निटी घेतली होती. मर्यादा एका घटनेला १० लाख आणि वर्षभरात एकूण २० लाख. प्रत्येक दाव्यात पहिले २५,००० रुपये स्वतः भरायचे, म्हणजे अनिवार्य एक्सेस. वकिलाचा खर्च याच मर्यादेतून जाणार, वेगळा मिळणार नाही. हप्ता ६,५०० आणि १८ टक्के जीएसटी १,१७० मिळून ७,६७० रुपये. पॉलिसीची मुदत ३१ मेच्या मध्यरात्री संपत होती.

क्लायंट ४९ वर्षांचे, हिंजवडीत आयटी कंपनीत मॅनेजर. पाच महिने नियमित येत होते. फी तीन महिन्यांच्या पॅकेजची ३६,०००. सुरुवातीला त्यांनी पीएआर-क्यू, म्हणजे व्यायाम सुरू करण्याआधी तब्येतीची माहिती विचारणारा फॉर्म, भरला होता. या जुन्या, जगभर वापरात असलेल्या सात प्रश्नांच्या फॉर्ममध्ये औषधांबद्दल एकच प्रश्न आहे: रक्तदाब किंवा हृदयविकारासाठी डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आहेत का? क्लायंटने ‘नाही’वर खूण केली. ते खोटं नव्हतं. ते कोलेस्टेरॉलसाठी दीड वर्षापासून रोज स्टॅटिनची गोळी घेत होते, आणि कोलेस्टेरॉलच्या गोळीला ‘हृदयाची गोळी’ म्हणून फार थोडे लोक मोजतात. स्टॅटिनचा एक ज्ञात दुष्परिणाम स्नायूंवर होतो. फॉर्म बरोबर भरला गेला, आणि कामाची माहिती मात्र त्यात आलीच नाही.

काय घडलं

आधी परदेश दौरा आणि मग व्हायरल ताप, असा सहा आठवड्यांचा खंड पडला. मेच्या दुसऱ्या शनिवारी सकाळी साडेनऊला क्लायंट परत आले. ट्रेनरने आदल्या रात्री ‘वेलकम बॅक सर! उद्या लेग डे’ असा मेसेज टाकला होता. गुगल शीटवर मार्चअखेरचा लेग डे होता, तोच उघडला: गॉब्लेट स्क्वॉट २० किलोने १५ चे ५ सेट, वॉकिंग लंजेस २० चे ४, बल्गेरियन स्प्लिट स्क्वॉट दोन्ही पायांना १२ चे ३, शेवटी स्टेप-अप. स्क्वॉट आणि स्प्लिट स्क्वॉटमध्ये खाली जाताना चार सेकंद. क्लबहाउसला एसी नाही, आणि पुण्याचा मे महिना.

वजन फार नव्हतं. घातक ठरलं ते एकूण प्रमाण आणि सावकाश खाली जाणं. स्नायू लांबत असताना भार पेलतो तेव्हा त्याच्या तंतूंना सर्वाधिक इजा होते, आणि सहा आठवड्यांच्या खंडानंतर त्या इजेविरुद्धची तयारी कमी झालेली असू शकते. फुफ्फुसांना आणि हृदयाला तेवढं जड जात नाही, म्हणून माणूस सेट पूर्ण करतो. ट्रेनर आणि क्लायंट दोघंही इथेच फसतात.

रविवारी मांड्या कडक झाल्या. क्लायंटने घरातली डायक्लोफेनॅक ही वेदनाशामक गोळी घेतली, संध्याकाळी आणखी एक. सोमवारी सकाळी कमोडवरून उठता येईना. त्यांनी मेसेज केला: ‘अरे, पाय वाकतच नाहीयेत. मांड्या सुजल्यात.’ ट्रेनरचं उत्तर: ‘डॉम्स आहे सर, गॅपनंतर होतं. चालत राहा, पाणी भरपूर प्या.’ डॉम्स म्हणजे व्यायामानंतरची साधी स्नायूदुखी. संध्याकाळी लघवी कोऱ्या चहासारखी झाली. रात्री रुग्णालयात दाखल केलं. क्रिएटिन कायनेज, म्हणजे सीके, ६२,४०० युनिट प्रति लिटर. सामान्यतः हा आकडा दोनशेच्या आसपास किंवा त्याखाली असतो आणि पाच हजारांच्या पुढे मूत्रपिंडाची काळजी वाढते. मूत्रपिंडाचं काम कसं चाललंय ते दाखवणारं क्रिएटिनिनही वाढून २.४. निदान रॅब्डोमायोलिसिस. स्नायू फुटून त्यातलं मायोग्लोबिन रक्तात उतरतं आणि मूत्रपिंडावर ताण येतो. शिरेतून भरपूर द्रव देऊन डायलिसिस टळलं. सात दिवस रुग्णालय, पाच आठवडे कामावर नाही. बिल २,८५,०००, त्यातले २,४३,००० आरोग्य विम्याने दिले, ४२,००० खिशातून गेले.

साध्या स्नायूदुखीत आणि रॅब्डोमध्ये फरक कसा ओळखायचा, हे प्रत्येक ट्रेनरला पाठ हवं. डॉम्सची कळ साधारण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी टोकाला जाऊन उतरते, आणि थोडं हललं की बरं वाटतं. स्नायू लाकडासारखा कडक आणि सुजलेला असेल, सांधा वाकत नसेल, ताकद गेली असेल किंवा लघवीचा रंग गडद झाला असेल, तर ट्रेनरचं उत्तर एकच असायला हवं: आत्ता डॉक्टरकडे जा. ‘चालत राहा’ हे वाक्य पुढे तक्रारीत व्यायामापेक्षाही ठळक झालं. व्यायामाबद्दल वाद घालता येतो, या मेसेजबद्दल बाजू मांडायला फारसं काही नव्हतं.

अडचण

मंगळवारी संध्याकाळी ट्रेनरला बातमी कळली. त्याने क्लायंटला लगेच लिहिलं: ‘सॉरी सर, त्या दिवशी जास्तच झालं.’ बुधवारी तो रुग्णालयात गेला. क्लायंटच्या पत्नी बाहेर भेटल्या. ‘तुमच्याकडे फिट व्हायला पाठवलं होतं आम्ही त्यांना,’ एवढंच त्या म्हणाल्या. घरी येऊन त्याने त्यांच्यासाठी मेसेज टाइप केला: ‘मॅडम, चूक माझीच आहे. हॉस्पिटलचा सगळा खर्च मी देतो.’ पाठवण्याआधी त्याने ब्रोकरला फोन केला, म्हणून तो पाठवला गेला नाही.

या मेसेजमागे माणुसकी होती, यात शंका नाही. पण जवळपास प्रत्येक दायित्व पॉलिसीत एक अट असते: विमा कंपनीच्या लेखी संमतीशिवाय विमाधारकाने दायित्व मान्य करायचं नाही, पैसे द्यायचे नाहीत, देण्याचं वचन द्यायचं नाही. कारण सरळ आहे. पैसे कंपनीचे, आणि किती द्यायचे हे विमाधारकाने भावनेच्या भरात ठरवलं तर कंपनीकडे बचावच उरत नाही. अट मोडली तर कंपनी हात वर करू शकते.

समोरचे पर्याय

गुरुवारी सकाळी ट्रेनर आणि ब्रोकर बसले तेव्हा चार वाटा होत्या.

आपसात मिटवणं ही पहिली. ट्रेनरकडे दीड लाख बाजूला होते आणि ओळखीचे सगळे हेच सांगत होते. धोका असा की दीड लाख देऊनही प्रकरण संपल्याचा कागद नसतो, पॉलिसीची अट मोडलेली असते, आणि मूत्रपिंडाचं काही पुढे निघालं तर सगळा भार एकट्यावर.

दुसरी वाट सहीच्या कागदावर विसंबायची. फॉर्मच्या तळाशी ‘मी स्वतःच्या जबाबदारीवर व्यायाम करत आहे’ असं वाक्य आणि क्लायंटची सही होती. अशा सहीने ट्रेनरचा निष्काळजीपणा धुऊन निघत नाही. व्यायामात धोका असतो याची कल्पना दिली होती, एवढं दाखवायला ती कामी येते. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये अन्याय्य कराराची तरतूदच आहे, त्यामुळे ग्राहकाचे हक्क कापणारं वाक्य आयोगासमोर कितपत टिकेल हाही प्रश्न.

तिसरी वाट थांबायची. अजून कुणी काही मागितलेलं नाही, क्लायंट सज्जन आहेत, कदाचित काहीच होणार नाही. ट्रेनरचं मन इकडेच झुकत होतं. त्यातच दुसऱ्या कंपनीचं कोटेशन त्याच्या हातात होतं: तीच मर्यादा, हप्ता जीएसटीसह ४,२००. मुदत १७-१८ दिवसांवर आलेली. क्लेम कळवला तर नूतनीकरणाला हप्ता वाढेल, न कळवता कंपनी बदलली तर ३,४७० रुपये वाचतील, असा हिशेब.

हा हिशेब का चुकतो ते सविस्तर पाहायला हवं. प्रोफेशनल इंडेम्निटी पॉलिसी सहसा ‘क्लेम्स-मेड’ पद्धतीची असते. गाडीच्या विम्यात अपघाताच्या दिवशी पॉलिसी चालू होती का हे पाहतात. इथे दावा ज्या दिवशी तुमच्यावर केला गेला, त्या दिवशीची पॉलिसी पाहतात, आणि घटना पॉलिसीवर छापलेल्या रेट्रोॲक्टिव्ह तारखेनंतरची, म्हणजे ज्या तारखेपासूनच्या कामाला संरक्षण आहे तिच्यानंतरची, असावी लागते. ट्रेनर जूनमध्ये नव्या कंपनीकडे गेला असता तर जुनी कंपनी म्हणाली असती, दावा जुलैमध्ये आला, आमची मुदत मेमध्ये संपली. नवी म्हणाली असती, घटना आमच्या रेट्रोॲक्टिव्ह तारखेच्या आधीची, शिवाय प्रस्ताव भरताना तुम्हाला ती माहीत होती आणि तुम्ही सांगितली नाही. दोन पॉलिसींचे हप्ते भरलेले, आणि संरक्षण कुणाचंच नाही.

यावरचा तोडगा पॉलिसीतच असतो. दावा होऊ शकेल अशी परिस्थिती मुदतीत लेखी कळवली, तर त्यातून पुढे कधीही येणारा दावा त्याच मुदतीत आला असं धरलं जातं. मात्र ‘एका क्लायंटला त्रास झालाय’ एवढं मोघम कळवून भागत नाही. कोण, कधी, कुठे, काय इजा, कोणत्या कारणाने दावा येऊ शकतो, हे लिहावं लागतं.

चौथी वाट हीच होती, आणि ती निवडली गेली.

केलेली कार्यवाही

गुरुवारी दुपारी विमा कंपनीच्या क्लेम विभागाला ईमेल गेला, ब्रोकरला प्रत. त्यात पॉलिसी क्रमांक, सत्राची तारीख-वेळ-ठिकाण, व्यायाम सेट-रेप्ससह, दाखल झाल्याची तारीख, समजलेलं निदान, पत्नीशी झालेलं बोलणं आणि ‘सॉरी सर’ हा मेसेज. स्वतःचं मत एकही नाही. ‘माझ्या मते उन्हामुळे झालं असावं’ असं एक वाक्य मसुद्यात होतं, ते ब्रोकरने काढायला लावलं. दुसऱ्या दिवशी क्लेम क्रमांक आला.

‘सॉरी सर’ आणि ‘चालत राहा’ हे दोन्ही मेसेज पुसून टाकायची ट्रेनरला इच्छा झाली होती. पुसले नाहीत. क्लायंटच्या फोनवर ते असणारच, आणि वादानंतर पुरावा पुसला हे दिसणं मूळ मेसेजपेक्षा वाईट. उलट पूर्ण चॅट एक्सपोर्ट केली. गुगल शीटची त्या दिवशीची प्रत पीडीएफ करून स्वतःलाच ईमेल केली, म्हणजे तारखेवर शंका नको. शीटमध्ये मागे जाऊन खंडाची नोंद घालायची नाही, हेही ठरलं.

क्लायंटशी बोलणं बंद करायचं का? काही सल्लागार तसं सांगतात, आणि आम्हाला ते पटत नाही. आजारी माणसाची विचारपूस म्हणजे कबुली नव्हे. विमा कंपनीला दाखवून हा मेसेज गेला: ‘सर, तुमच्या तब्येतीची काळजी वाटते. डॉक्टरांना उपयोग व्हावा म्हणून त्या दिवशीच्या व्यायामाची नोंद पाठवतोय. मॅडमना काही आणून द्यायचं असेल तर हक्काने सांगा.’ नोंद खरोखर उपयोगी पडली. पैशाचा उल्लेख नाही, दोषाचाही नाही. मध्यस्थीच्या वेळी वातावरण निवळलेलं राहिलं त्याला हा मेसेज बऱ्याच अंशी कारण होता.

पॉलिसीचं नूतनीकरण त्याच कंपनीकडे, रेट्रोॲक्टिव्ह तारीख पहिल्या पॉलिसीचीच ठेवून झालं. हप्ता वाढून जीएसटीसह १०,६२० झाला.

कंपनीने दोन शंका काढल्या. एक, प्रस्ताव अर्जात फक्त ‘एकास एक प्रशिक्षण’ लिहिलेलं असताना ट्रेनर त्याच क्लबहाउसमध्ये बारा जणांची सकाळची बॅचही घेत होता. घटना एकास एक सत्रातली असल्याने हे निभावलं. बॅचमधल्या कुणाला झालं असतं तर कठीण होतं. दोन, सीपीआर प्रमाणपत्राची दोन वर्षांची मुदत मार्चमध्ये संपली होती. मुख्य प्रमाणपत्र वैध होतं आणि सीपीआरचा घटनेशी संबंध नव्हता, म्हणून लेखी खुलाशानंतर कंपनीने मुद्दा सोडला. या दोन पत्रांतच सहा आठवडे गेले.

फौजदारी बाजूचाही विचार करावा लागला. भारतीय न्याय संहितेच्या कलम १२५ मध्ये निष्काळजीपणाने दुसऱ्याची सुरक्षितता धोक्यात आणणं हा गुन्हा आहे, आणि पंधरा दिवस नेहमीची कामं करता आली नाहीत तर इजा ‘गंभीर’ या व्याख्येत बसू शकते. इथे पाच आठवडे होते. कुटुंबाने पोलिसांत तक्रार दिली नाही. दिली असती तर दंड पॉलिसीत बसला नसता, आणि फौजदारी बचावाचा खर्च या पॉलिसीत लिहिलेला नव्हता.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात वकिलाची नोटीस आली. मागणी ९,५०,०००: रुग्णालयाचे खिशातले ४२,०००, आरोग्य विम्याने दिलेले २,४३,०००, रजांचे २,१५,००० आणि मानसिक त्रासाचे ४,५०,०००. नोटीस त्याच दिवशी कंपनीकडे गेली. कंपनीने संमत केलेल्या वकिलांनी पंधरा दिवसांत उत्तर दिलं. ट्रेनरने स्वतः एक ओळही लिहिली नाही.

ऑक्टोबरमध्ये पुणे जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल झाली. मागणी साडेनऊ लाखांची असली तरी २०१९ च्या कायद्यात आयोगाची पायरी, म्हणजे जिल्हा, राज्य की राष्ट्रीय, ठरते ती ग्राहकाने मोजलेल्या रकमेवर. ती इथे ३६,०००. मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही. म्हणजे तक्रार करणाऱ्याला दारात अडवणारं काही नाही, हे ट्रेनर लोकांनी ओळखून असावं.

इथे एक ठेच लागली. ट्रेनरच्या पावत्यांवर भाड्याच्या जुन्या घराचा पत्ता होता. आयोगाची नोटीस तिथे गेली, जुन्या रूममेटने सही करून घेतली आणि दिवाळीच्या गडबडीत ती अकराव्या दिवशी ट्रेनरच्या हातात पडली. लेखी कैफियत, म्हणजे तक्रारीला उत्तर, द्यायला ३० दिवस असतात, फार तर आणखी १५ मिळतात. जुन्या १९८६ च्या कायद्यातल्या अशाच तरतुदीबद्दल सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२० मध्ये स्पष्ट केलं की ४५ दिवसांपलीकडे आयोग मुदत वाढवू शकत नाही. मुदत चुकली की बचाव मांडायचा हक्क जातो. कैफियत २७ व्या दिवशी दाखल झाली.

निकाल

वकिलांनी वैद्यकीय तज्ज्ञाचं मत घेतलं. स्टॅटिन, ऊन, ताप येऊन गेलेला आणि मूत्रपिंडावर ताण आणणारी डायक्लोफेनॅक, या सगळ्यांनी आजार वाढवला. पण ठिणगी त्या दिवशीच्या व्यायामाची, असं ते मत होतं. खंडाची माहिती ट्रेनरला होती हे ‘वेलकम बॅक’ मेसेजवरून सिद्धच होतं. अमेरिकेतल्या एनएससीए आणि सीएससीसीए या प्रशिक्षकांच्या संस्थांनी २०१९ मध्ये महाविद्यालयीन खेळाडूंसाठी जे एकमताचं मार्गदर्शन दिलं, त्यातही खंडानंतरच्या पहिल्या आठवड्यात प्रमाण निम्म्यावर आणायला सांगितलं आहे. आयटीतल्या ४९ वर्षांच्या माणसाला पूर्ण प्रमाण दिल्याचं समर्थन अवघड होतं.

म्हणून लढण्यापेक्षा मध्यस्थी. ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ३७ प्रमाणे दोन्ही बाजूंच्या संमतीने आयोगाने प्रकरण मध्यस्थीकडे पाठवलं. खरा वाद दोन आकड्यांवर झाला. आरोग्य विम्याने दिलेले २,४३,००० क्लायंट पुन्हा मागू शकतात का, आणि रजेच्या काळात पगार चालू असताना नुकसान किती. दुसऱ्या मुद्द्यावर क्लायंटची बाजू लंगडी होती, ‘चालत राहा’वर ट्रेनरची. मार्चमध्ये ३,२५,००० वर तडजोड झाली. दायित्व मान्य न करता, सर्व दाव्यांच्या पूर्ततेसाठी, असं तडजोडीत लिहिलं गेलं.

वकील आणि तज्ज्ञांचा खर्च ९२,०००. एकूण ४,१७,०००; एक्सेसचे २५,००० वजा जाता कंपनीने ३,९२,००० दिले.

एक रक्कम मात्र विम्याबाहेर राहिली. तक्रारीत सोसायटी दुसरी प्रतिवादी होती. तिने स्वतःच्या वकिलाचे ४०,००० हमीपत्राच्या आधारे ट्रेनरकडे मागितले. कंपनीने नकार दिला: कायद्याने अंगावर आलेलं दायित्व पॉलिसीत आहे, तुम्ही करार करून ओढवून घेतलेलं नाही. नकार पॉलिसीला धरूनच होता. चर्चेअंती ट्रेनरने १५,००० भरले.

वेगळं काय करता आलं असतं

सर्वांत स्वस्त सुधारणा फॉर्ममध्ये. ट्रेनरने आता वेगळा प्रश्न घातला आहे: ‘सध्या घेत असलेली प्रत्येक गोळी, इंजेक्शन, काढा आणि सप्लिमेंट यांची नावं लिहा. कोलेस्टेरॉल, साखर, थायरॉइड, ॲसिडिटी, सगळं.’ गोळीचं नाव कळलं तरी ती बंद करायला सांगणं ट्रेनरचं काम नाही; डॉक्टरांना विचारून या, एवढंच म्हणायचं. दोन आठवड्यांहून मोठा खंड पडला की फॉर्म नव्याने भरायचा, पहिल्या आठवड्यात सेट निम्मे करायचे, आणि ते कमी केल्याची नोंद शीटवर दिसली पाहिजे. नोंद नसेल तर घेतलेली काळजीही सिद्ध करता येत नाही.

१० लाखांची मर्यादा इथे पुरली, कारण डायलिसिस टळलं. मूत्रपिंड कायमचं अधू झालं असतं तर वकिलाचा खर्च याच मर्यादेतून जाताना ती अपुरी पडली असती. आमच्या मते पुण्यात आयटीतले क्लायंट घेणाऱ्याने एका घटनेला २५ लाखांपासून विचार सुरू करावा, आणि दोन कोटेशनची तुलना करताना हप्त्याआधी रेट्रोॲक्टिव्ह तारीख, बचावाचा खर्च मर्यादेच्या आत की बाहेर, आणि एक्सेस वकिलाच्या फीलाही लागतो का, हे पाहावं. बॅच, ऑनलाइन सत्रं आणि आहाराचा सल्ला देत असाल तर अर्जात तसं लिहून एंडोर्समेंट, म्हणजे पॉलिसीला जोडलेली लेखी पुरवणी, घ्यावी.

कंपनीने क्लेम नाकारला असता तर आधी कंपनीच्या तक्रार निवारण कक्षाकडे लेखी जावं लागलं असतं. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे. त्याचं कार्यालय पुण्यातच आहे आणि एकल मालकीच्या व्यवसायाच्या पॉलिसीही तिथे चालतात.

व्यवसाय बंद केला म्हणून पॉलिसी लगेच सोडू नये. ग्राहक तक्रारीला दोन वर्षांची मुदत असते. क्लेम्स-मेड पॉलिसी बंद असताना जुन्या सत्रावरून दावा आला तर उत्तर द्यायला कुणी नाही. पॉलिसी संपल्यावर दावा कळवायला वाढीव मुदत मिळते का, हे पॉलिसी घेतानाच विचारून ठेवावं.

आणि हमीपत्र. नूतनीकरणानंतर ट्रेनरने सोसायटीकडे नवा मसुदा दिला. ‘सर्व प्रकारचा खर्च’ काढून ‘माझ्या निष्काळजीपणामुळे, कायद्याने माझ्यावर येणाऱ्या दायित्वापुरता’ असं त्यात लिहिलं. एका बैठकीत समितीने तो मान्य केला.